खोबरेल पातळ होईपर्यंत

आत्या, तुझी सहाशे रोपं अजून चिंचेखाली पिशव्यांतच आहेत. मुळ्या पिशव्यांच्या भोकांतून बाहेर यायला लागल्यात. तुझा तेरावा झाला, पाहुणे गेले, मांडवाचे बांबू ज्याचे त्याने नेले. वावरातल्या या आखाड्यावर उरलो मी, मामा आणि ही रोपं. मामा रोज सकाळी चहाचा कप हातात धरून रोपांभोवती एक फेरी मारतात आणि मला विचारतात, "वैशे, लावायची कधी?"

तुझ्या नवऱ्याचे केस वावरात पांढरे झाले आणि तो मला विचारतो. मी तर तुझ्या आखाड्यावर राहून, तुझ्या भाकरी खाऊन पत्रकं लिहिली, एक रोप कधी धड लावलं नाही. पण त्यांचाही इलाज नाही. केळी कधी लावायची हे या घरात फक्त तू ठरवायचीस. मामांनी नांगरायचं, खड्डे काढायचे, ठिबकच्या नळ्या पसरायच्या आणि तारखेसाठी तुझ्या तोंडाकडे बघायचं.

तुझ्याबद्दल श्रद्धांजलीत लिहितात तसं मी लिहिणार नाही. मनमिळाऊ वगैरे तू नव्हतीस. तुझा जन्म कुठला, माहेर कोणतं, मागे किती लेकरं, हे ज्यांना हवं त्यांनी शोकपत्रिकेत वाचावं. मला आपल्या भांडणाबद्दल लिहायचं आहे. ते अर्धं राहिलं. त्यातली माझी बाजू आठ गावांनी छापील वाचली आणि तुझी बाजू चुलीपुढे राहिली, हे मला सहन होत नाही.

आपल्याकडची थंडी म्हणजे काही बर्फ नव्हे. दुपारी बारा वाजता माणूस स्वेटर काढून खांद्यावर टाकतो. म्हणूनच फसायला होतं. दिवसा उकडतंय, रोपं आलीत, पाणी आहे, मग लावा की. पण तुझं नवं वावर ओढ्याकाठी, खोलगट. पहाटेची थंडी तिथे उतरते आणि उन्हं चढेपर्यंत बसून राहते. गार मातीत लावलेलं केळीचं रोप लगेच मरत नाही, हीच खरी अडचण. ते हिरवं दिसतं, जिवंत दिसतं, पण पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, उलगडत नाही. महिनाभर तिथल्या तिथे उभं राहतं आणि तो महिना पुढे घड पडताना वसूल करतं. हे सगळं मी तुझ्याकडून ऐकलेलं. तेव्हा मानत नव्हते, आता लिहितेय.

तुझी रीत साधी होती. संध्याकाळी खोबरेलाची चपटी काचेची बाटली नव्या वावरात नेऊन खड्ड्याशेजारी विटेवर ठेवायची आणि वरून कोंबड्यांचं डालगं पालथं घालायचं. डालग्यामुळे ऊन थेट लागत नाही आणि कावळा बाटली पाडत नाही. सकाळी सूर्य कासराभर वर आला की डालगं उचलायचं. तेल पांढरं, घट्ट दिसलं की डालगं परत खाली. पातळ झालेलं असलं तर एक दिवस मोजायचा. असे सलग तीन दिवस मिळाले की लागवड. मधे एक दिवस जरी गोठलेलं सापडलं, तर पुन्हा पहिल्यापासून मोजणी.

मी तुला म्हटलं होतं, "आत्या, मोबाईलवर तापमान दिसतं. बाटली कशाला?"

"तुझा मोबाईल परभणीची थंडी सांगतो. माझ्या वडाळीतली सांगतो का?" ओढ्याकाठच्या त्या वावराला तू वडाळी म्हणायचीस. "अन् रोपाला थंडी पायाला लागती, डोक्याला न्हाई. म्हून बाटली खाली ठिवायची. तुझा मोबाईल ठीव बरं मातीत रातभर."

लागवडीच्या दिवशी तेच तेल तू तळहातावर ओतून केसांना लावायचीस, घट्ट वेणी घालायचीस आणि मगच पहिलं रोप हातात घ्यायचीस. वाया का घालवायचं, असं तुझं म्हणणं. दरवेळी माझ्याही मागे लागायचीस.

"डोकं दे हिकडं."

"नको आत्या, आज बैठक आहे. चिकट डोक्यानं कशी जाऊ?"

"कामून? साहेब लोक पिंजारलेल्या केसालाच भेतात का?"

मी कधी डोकं दिलं नाही. दोन वर्षं तुझ्याकडे राहिले, एकदाही नाही.

आता पत्रकाचं. आपल्या शिवाराला पाणी देणारी चारी कालव्याच्या टोकाची. वरच्या गावांचं भागलं की उरलं तर पाणी, नाहीतर शेवाळ. आम्ही पाणी समितीवाल्यांनी ताडकळसच्या बाजारात सह्या घेतल्या, कालव्याच्या दारावर बसलो, पाटबंधाऱ्याच्या साहेबांच्या गाडीपुढे उभे राहिलो. शेवटी मागच्या वर्षी साहेबांनी लेखी दिलं, की जानेवारीत टोकापर्यंत पाण्याची पाळी सोडू, त्या पाण्यावर किती रान भिजलं ते मोजू आणि त्यावरून पुढची पाळी ठरवू. आम्ही गुलाल उधळला. तू आम्हा बाराजणांना पोहे करून घातलेस. त्याच दुपारी तुझ्या बाजेवर बसून मी पत्रक लिहिलं. मला ते पाठ आहे. शेवट असा होता: "जानेवारीतच केळी लावा. रान कोरडं दिसलं तर पुढचं पाणी जाईल. थंडीचा बाऊ करणाऱ्यांनी गावाचं पाणी घालवू नये."

तू चष्मा लावून बोट फिरवत वाचलंस. मग विचारलंस, "हे बाऊ करणारं कोण गं?"

"कुणी नाही. सर्वसाधारण लिहिलंय."

"सर्वसाधारण म्हंजी मीच ना?"

मी पत्रक परत घ्यायला हात पुढे केला.

"जानेवारीत पाणी पायजे म्हून तू मागितलंस का?"

"आम्ही पाणी मागितलं. महिना त्यांनी ठरवला."

"मंग त्यायनी तारीख दिली अन् तू छापलीस. त्यांचाच कागद वाटायचा व्हता तर त्यांच्या शिपायानं वाटला असता. तू उन्हात बसून भांडलीस कशाला?"

हे मला लागलं. इतकं लागलं की मी उलट बोलले, की तुझ्यासारख्या बागायतदारणीला विहीर आहे, तुला टोकावरच्या लोकांचं काय पडलंय. विहीर होती हे खरं. पण ती तुझ्या हाताने, तुझ्या डोक्यावरच्या पाट्यांनी खणली गेली हेही मला माहीत होतं, आणि तरी मी बोलले. पुढचे चार दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. मी समोर बसलेली असताना मामांना सांगायचीस, "इचारा तिला, कांदा पायजे का." मामा माझ्याकडे वळून विचारायचे, "कांदा पायजे का?" मी मामांना सांगायचे, "नको म्हणावं." हाताच्या अंतरावरचा कांदा असा फिरून यायचा.

जानेवारीत पाणी आलं. माझ्या पत्रकावर विसांहून जास्त लोकांनी केळी लावली. शेजारच्या बालाजीनं सगळ्यात आधी लावली, कारण सह्या घेताना तो माझ्याबरोबर फिरला होता. तू पाणी घेतलंस, रान भिजवलंस, साहेबांच्या माणसाला भिजलेलं रान दाखवलंस आणि रोपं चिंचेखालीच ठेवलीस. तो माणूस म्हणाला, "बाई, रोपं कुठायत?" तू म्हणालीस, "सावलीत बसल्यात. तुमी बी बसा." पाळी काही गेली नाही. त्यांनी भिजलेलंच रान मोजलं. हे आधी विचारून घ्यावं, एवढी अक्कल पत्रक लिहिणारीला नव्हती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. थंडी लांबली. बालाजीच्या रोपांचे पोंगे अडकले, पानांच्या कडा काळ्या पडल्या. तू मार्च लागल्यावर लावलीस आणि पावसाळ्यात तुझी बाग त्याच्या बागेच्या खांद्याला लागली. ऐन थंडीत त्याचे घड बाहेर पडायला निघाले ते अर्धे खोडातच अडकले. मला तो एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मात्र आत्या, मे महिन्यात तूही हरलीस. तुझी रोपं कोवळी होती. तापलेला पश्चिमेचा वारा सुटला आणि बांधाकडच्या दोन ओळी करपून गेल्या. मी बांधावर उभी राहून म्हटलं होतं, "आता बोल. लवकर लावली असती तर एवढ्यात कमरेएवढी असती." तू तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, तुराट्यांच्या पेंढ्या बांधून आडोसा करत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "बोलायला तोंड हाय, हात बी हाईत का? धर हे." मी धरलं. पण उत्तर तू दिलं नाहीस. उशिरा लावलं तर मे आडवा येतो, लवकर लावलं तर जानेवारी. यातली वाट कोणती, हे तुलाही पुरतं माहीत नव्हतं. तुला फक्त एवढं माहीत होतं, की दोन्हीतलं कमी वाईट कोणतं ते वावरात वाकून बघावं लागतं, कागदावर ठरत नाही.

तुझं बरोबर होतं, हे मला तुला सांगायचं होतं. पोळ्याला सांगेन म्हटलं, राहिलं. दिवाळीत तू स्वतःहून विषय काढलास, मी कालव्याच्या बैठकीचं सांगत बसले. तुझी बाग कापली त्या दिवशी तू पहिली फणी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "खा, बाऊची केळी." मी हसले आणि खाल्ली. सांगितलं नाही. यंदाची रोपं आली, तू ती चिंचेखाली मांडून घेतलीस, आणि आठवड्यात तुझ्या छातीत दुखलं. परभणीला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तुला शेवटची आंघोळ घालायची होती. सवाष्णीच्या केसांना तेल लावायचं असतं, बायकांनी तेल मागितलं. मी तुझी बाटली काढली. थंडी होती, तेल गोठलेलं. बाटलीचं झाकण केव्हाच हरवलेलं, तोंडात कागदाचं बूच. ते उपसलं तर माझंच पत्रक. तेलात मुरून पारदर्शक झालेलं, अक्षरं दोन्ही बाजूंनी दिसत होती. वर्षभर तू माझ्या पत्रकाचंच बूच करून ठेवलं होतंस. बायका रडत होत्या आणि मला हसू आलं. तुझी चुलत जाऊ माझ्याकडे रागानं बघत होती. मी बाटली दोन्ही हातांत धरून, पदराखाली घेऊन बसले, तेल सुटायला बराच वेळ लागला. मग सगळं तुझ्या केसांना लावलं. थेंब ठेवला नाही.

आणि तिथेच माझी दुसरी चूक झाली.

तेराव्यानंतर मामांनी विचारायला सुरुवात केली. बाटली रिकामी होती. माझ्या पिशवीत परभणीहून घेतलेलं खोबरेल होतं, मोगऱ्याच्या वासाचं, चिकट होत नाही ते. मी ते तुझ्या बाटलीत ओतलं, वडाळीत विटेवर ठेवलं, डालगं घातलं. पहिल्या सकाळी पातळ. दुसऱ्या सकाळी पातळ. तिसऱ्या सकाळीही पातळ. मामा म्हणाले, "यंदा थंडी लवकर सरली म्हणायची." चौथ्या दिवशी खड्डे ओले केले, पिशव्या ब्लेडनं फाडून रोपं बसवायला लागलो. आठ रोपं बसली.

तेवढ्यात बालाजी मोटारसायकलवर आला. कानाला मफलर, हात बगलेत.

"लावायलात?" तो म्हणाला.

"तीन दिवस झाले, तेल पातळ आहे," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं, स्वतःच्या मफलरकडे बघितलं. मग बाटली उचलून बूच काढून वास घेतला. "वैशाली, हे मोगरा हाय."

"खोबरेलच आहे. वर लिहिलंय."

"लिवलेलं असल. हे फ्रीजमधी ठिवलं तरी गोठायचं न्हाई. आत्याबाई घाण्याचं वापरायच्या." बाटली परत विटेवर ठेवून तो शांतपणे म्हणाला, "एक साल मी तुझ्या पत्रकावर लावली. यंदा मामा तुझ्या तेलावर लावायलेत."

मामा मातीत उकिडवे बसले होते. त्यांना आधी कळलं नाही. कळल्यावर इतके हसले की खोकला लागला, आणि मग डोळे पुसत बसून राहिले. तू गेल्यापासून ते पहिल्यांदाच हसले, आणि बहुतेक पहिल्यांदाच रडले. आठही रोपं मी मातीच्या गोळ्यासकट उचलली. बालाजीनं ती नव्या पिशव्यांत भरली.

बाजाराच्या दिवशी ताडकळसला गेले. घाण्याच्या तेलवाल्याकडे तुझी बाटली पुढे केली. त्यानं बाटली ओळखली, तुझी बातमी त्याला कळली होती. "बाई आदी दोन घोट तेल बाटलीत घिऊन उन्हात धरून बगायच्या अन् मंगच घ्यायच्या," तो म्हणाला. मीही धरून बघितलं, काय बघायचं ते न कळता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डालगं उचललं. तेल पांढरं, घट्ट, बाटली उलटी केली तरी हललं नाही. म्हणजे आमची आठ रोपं एवढ्या गार मातीत बसून राहिली असती.

त्या दिवसापासून मी रोज जातेय. एक दिवस कडेनं सुटलेलं आणि मधे पांढरा गोळा. एक दिवस पूर्ण पातळ, मामांनी बोट वर केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोठलेलं, बोट खाली. मामा आता विचारत नाहीत. माझ्याबरोबर येतात आणि डालगं मला उचलू देतात. पिशव्यांतल्या मुळ्या वाढतायत, मे जवळ येतोय, आणि मला ओरडून तारीख सांगावीशी वाटते. ती सवय जात नाही. पण मी डालगं खाली ठेवते.

यंदाही साहेबांनी जानेवारीतच पाणी सोडलं. नवं पत्रक लिहायला समितीनं मला सांगितलं. मी पहिली ओळ लिहिली: "मागच्या वर्षी आम्ही दिलेली जानेवारीची तारीख चूक होती, आणि थंडीबद्दल बोलणाऱ्यांना बाऊ करणारे म्हटलं तेही चूक होतं." समितीतले भडकले. असं छापलं तर साहेब उद्या म्हणतील, यांनाच कळत नाही, यांना पाणी कशाला. मी म्हटलं, तेच तर सांगायचंय. साहेबांनाही कळत नाही, आपल्यालाही कळलं नव्हतं. पाळी कधी हवी हे वावराला विचारून मागू. थंडी सरल्यावर एक आणि मेच्या झळांत एक, या दोन पाळ्या द्या, महिना आम्ही सांगू. तासभर वाद झाला. ती ओळ समितीच्या नावावर नको, असं ठरलं. मग ती माझ्या नावावर छापली. बालाजी गठ्ठा घेऊन गावोगाव फिरतोय. त्यानं ती ओळ वाचली, घडी घातली आणि एवढंच म्हणाला, "आत्याबाईनं बूच केलं असतं याचं बी."

केलं असतंस, मला माहीत आहे. मेचं काय करायचं हे तू न सांगताच गेलीस, ते भांडण मी सोडलेलं नाही. पश्चिमेच्या बांधाला तुराट्या आतापासून रचून ठेवल्यात. तुझ्यापेक्षा उंच.

परवा पातळ होतं. काल पातळ होतं. आज मी आणि मामा लवकरच जाऊन बसलो. ओढ्यावरचं धुकं गेलं, सूर्य कासराभर वर आला. मी डालगं उचललं आणि बाटली वाकडी केली. तेल एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरळ वाहत गेलं. मी बाटली मामांच्या हातात दिली. त्यांनीही वाकडी करून बघितली, एकदा, दोनदा, आणि परत मला दिली.

"मंग?" ते म्हणाले.

मी बूच काढलं, तेल तळहातावर ओतलं आणि केसांना लावलं. वेणी मला तुझ्यासारखी घट्ट जमली नाही. मामा पहिली पिशवी फाडून उभे होते.